नकली गाडीचा आवाज

आमच्या भागात 'डुप्लिकेट' हा शब्द शिवीसारखा वापरतात. दुकानातला बेअरिंग डुप्लिकेट, बियाणं डुप्लिकेट, एखादा माणूससुद्धा डुप्लिकेट. एकदा शब्द उच्चारला की त्या वस्तूचा निकाल लागला, पुढं बोलायचं कारण उरत नाही. मी आयुष्यभर गॅरेजात वावरलो, त्यामुळं दिवसातून दहादा हा शब्द माझ्याही तोंडात येतो. पण तो उच्चारताना मी मनातल्या मनात जरा अडखळतो. कारण माझ्या डोळ्यांसमोर झालेलं सगळ्यात प्रामाणिक काम एका डुप्लिकेट गाडीवर झालं, आणि सगळ्यात अप्रामाणिक काम त्याच गाडीवर मी माझ्या हातानं केलं.

साल १९९६. दहावीनंतर शाळा सुटली होती आणि मला मामाच्या हाताखाली धाडलं होतं. कराडपासून दहा-बारा किलोमीटरवर, फाट्यावर मामाचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय, तर वर सिमेंटचे पत्रे, खाली काळी पडलेली जमीन, मधोमध एक खड्डा आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेले पाने. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, एखादी अॅम्बॅसिडर, हेच आमचं गिऱ्हाईक. मामा शिकलेला सातवी. पण इंजिन चालू करून बॉनेटवर नुसता तळवा ठेवला, तरी आत काय दुखतंय ते त्याला कळायचं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी फाट्यावर एकदम गर्दी झाली. लाल रंगाची, टप नसलेली, दोनच माणसं बसतील अशी बुटकी गाडी. पुढचं नाक लांबलचक, चाकांवरचे पत्रे पैलवानाच्या खांद्यासारखे फुगलेले, तोंड वासलेलं. आमच्या पंचक्रोशीतल्या एका मोठ्या बागायतदाराचे धाकटे चिरंजीव ती मुंबईहून चालवत घेऊन आले होते. त्यांना सगळे दादासाहेब म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. शाळेची पोरं गाडीला हात लावायची आणि हात मागं घेऊन हुंगायची. "अमेरिकन गाडी हाय," कुणीतरी म्हणालं. दादासाहेब काही बोलले नाहीत. नुसते हसले.

मामानं गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकावरच्या फुगीर भागावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पत्र्याचा आवाज आला नाही. मग तो खाली वाकला, खालून डोकावून उठला आणि म्हणाला, "दादासाहेब, कागद कशाचं हाईत?"

दादासाहेबांचं हसू जरा कमी झालं. "कॉन्टेसाचे."

"मग जमतंय," मामा म्हणाला. "कॉन्टेसा मला ठावं हाय."

गोष्ट अशी होती. मुंबईतल्या कुठल्याशा गॅरेजवाल्यानं जुन्या कॉन्टेसाचं अठराशे सीसीचं इंजिन, पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि मागचं हौसिंग घेऊन त्याखाली नवी चासी केली होती आणि वर फायबरचं अंग चढवलं होतं. अंग होतं कोब्रा नावाच्या गाडीच्या नकलेचं. दिसायला फक्कड. पण ताशी साठच्या पुढं गेली की सगळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. आरशात मागचं काही दिसायचं नाही. मुंबई ते कराड दादासाहेबांच्या कमरेचा पार भुगा झाला होता.

मामानं जॉइंट काढला. शहरातले लोक ज्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत फिरणारा नळा, त्याला आम्ही जॉइंट म्हणतो. नवी गाडी बुटकी, म्हणून मूळचा जॉइंट मधे कापून आखूड केला होता आणि परत वेल्डिंग मारलं होतं. मामानं तो जमिनीवर दोन विटांवर आडवा ठेवला. दोन्ही टोकांचे क्रॉस काढून त्या भोकांतून एकेक सरळ सळई घातली आणि मला म्हणाला, "हिकडं ये. एक डोळा झाक आन् बघ."

मी पाहिलं. दोन सळया एकमेकींना समांतर हव्या होत्या. पुढची आडवी होती आणि मागची चक्क तिरकी.

"कापताना खूण केली न्हाई भडव्यानं," मामा म्हणाला.

त्या दिवशी मामानं मला जे सांगितलं ते पुढं पुस्तकातही वाचायला मिळालं, पण मामाच्या तोंडून जसं कळलं तसं पुस्तकातून कळलं नसतं. गिअरबॉक्स आणि हौसिंग एका सरळ रेषेत नसतात, म्हणून दोन्ही टोकांना क्रॉस लागतात. पण क्रॉसमध्ये एक खोड आहे. तो वाकून फिरायला लागला की एकसारखा फिरवत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढं पळवतो आणि दोनदा मागं ओढतो. साठच्या वेगाला जॉइंट मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेत असतो, म्हणजे ही ओढाताण मिनिटाला हजारो वेळा चालते. मग गाड्या गुळगुळीत चालतात कशा? तर दुसरा क्रॉस नेमकी तेवढीच चूक उलट्या बाजूनं करतो आणि पहिल्याची चूक फिटते. अट एवढीच, की दोघं एका ओळीत हवेत आणि दोघांचा वाक सारखा हवा.

"चूक न करणारा क्रॉस नसतोय," मामा म्हणाला. "दोघांनी एका ओळीत हुभं ऱ्हाऊन करायची, म्हंजी गाडीला कळत न्हाई. संसाराचं पन तसंच हाय." आणि मामीनं चहा आणला तेव्हा तो तिच्याकडं बघून उगाच हसला.

वेल्डिंग परत कापलं. सळया समांतर आणून चार टाके मारले, परत पाहिलं, मग पुरा टाका फिरवला. मामा तेवढ्यावर थांबला नाही. एस.टी.नं जॉइंट कोल्हापूरला उद्यमनगरात नेला आणि मशीनवर बॅलन्स करून आणला. परत आल्यावर गिअरबॉक्सच्या खाली पट्ट्या घालून त्याचा उतार हौसिंगच्या उताराशी जुळवला. क्लचप्लेट उतरवली, रिलीज बेअरिंग बदललं. हौसिंगचं झाकण उघडून क्राऊन-पिनियनच्या दातांना रंग लावून फिरवलं आणि रंग दाताच्या मधोमध घासला जातोय का ते पाहिलं. दीड-दोन आठवडे तो या एका गाडीखाली होता. ट्रॅक्टरवाले बोंबलत होते.

मी एकदा विचारलं, "मामा, डुप्लिकेटच गाडी हाय की. एवढं कशाला?"

मामा खड्ड्यातूनच म्हणाला, "वरचं आंग डुप्लिकेट आसंल. जॉइंट डुप्लिकेट नसतोय. त्यो योक तर नीट आसतो, न्हाईतर मोडका आसतो. रस्त्याला नक्कल कळत न्हाई, लेका."

या वाक्यावर मी पुढं पुष्कळ विचार केला आहे. 'नक्कल' हा शब्द आपण डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीला लावतो. आकार, रंग, बिल्ला यांची नक्कल होते. पण ज्यावर भार पडतो त्याची नक्कल होत नाही. दोरखंडाचं चित्र काढता येतं, पण त्या चित्राला बादली बांधून विहिरीत सोडता येत नाही. जिथं भार पडतो तिथं वस्तूला खरंच असावं लागतं.

नक्कल मुळातच वाईट असं म्हणावं, तर मग आपण शिकतो तरी कसे? पाटीवर अक्षर गिरवतच शिकलो. मामा त्याच्या उस्तादाचा टाका बघत वेल्डिंग शिकला, मी मामाचा बघून. आणि ज्या कोब्राची नक्कल आमच्या फाट्यावर उभी होती, तिची जन्मकथा तर ऐकण्यासारखी आहे. ती मला फार पुढं कळली.

कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा माणूस. एकेकाळी कोंबड्यांचा धंदा करायचा, रोग येऊन कोंबड्या मेल्या आणि धंदा बुडाला. शर्यतीच्या गाड्या चालवायचा. शेतावरचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालूनच शर्यतीत उतरायचा. १९५९ साली त्यानं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. मग हृदयाच्या दुखण्यानं शर्यती सुटल्या. १९६२ साली त्यानं एसी नावाच्या इंग्लिश कंपनीच्या छोट्या, हलक्या गाडीत फोर्डचं आठ सिलिंडरचं अमेरिकन इंजिन बसवलं. ती कोब्रा. म्हणजे अंग एकाचं आणि काळीज दुसऱ्याचं, आमच्या दादासाहेबांच्या गाडीसारखंच! आणि त्या इंग्लिश गाडीचा आकार तरी कुठला? तो आला तोजेइरो नावाच्या कारागिराच्या शर्यतीच्या गाडीवरून, आणि ती एका जुन्या फेरारीशी इतकी मिळतीजुळती होती की आजही जाणकार दोघींचे फोटो शेजारी ठेवून दाखवतात. मूळच्या कोब्रा हजाराच्या आसपासच निघाल्या. नकला जगभर कितीतरी पटींनी जास्त. अस्सल शोधत मागं मागं गेलं की असं होतं. प्रत्येक अस्सलाच्या मागं कुणाचं तरी गिरवणं सापडतं.

मग खोटेपणा कुठं सुरू होतो? हे मला त्या गाडीच्या सायलेन्सरनं शिकवलं.

गाडी आता साठला काय, ऐंशीलाही लोण्यासारखी चालायला लागली. पण दादासाहेबांचं समाधान नव्हतं. "मिस्त्री, आवाज नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडं व्हिडिओ कॅसेट होती, तिच्यात खऱ्या कोब्राचा आवाज होता. घरी बोलावून त्यांनी मामाला आणि मला तो ऐकवला. गुडगुडणारा, मधेच ठेचकाळणारा, पोटातून येणारा आवाज. "असा पाहिजे."

मामानं सायलेन्सरचं काम आधीच मन लावून केलं होतं. मनिफोल्डच्या पॅकिंगजवळ काळे ओघळ होते, म्हणजे तिथून गॅस गळत होता. मामाची परीक्षा सोपी असायची. थंड इंजिन चालू करायचं, मागच्या नळीवर ओलं कापड दाबून धरायचं आणि पुढं कान द्यायचा. कुठं गळत असेल तिथं फुसफुस ऐकू येते. त्यानं मनिफोल्डचं तोंड सपाट करून नवं पॅकिंग घातलं. नळा फायबरच्या फार जवळून जात होता आणि जळका वास यायचा, तो खाली घेतला. टांगणीची रबरं बदलली. मग कारबुरेटरकडं वळला. प्लग काढून बघायचा, परत जेट बदलायचा. प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. बिस्किटाच्या रंगाचा झाला तेव्हा तो थांबला. गाडीचा आवाज आता भरदार आणि स्वच्छ होता, तालमीत नीट दम धरणाऱ्या पोराच्या श्वासासारखा.

पण तो कोब्राचा नव्हता आणि होणारही नव्हता. मामानं दादासाहेबांना समजावलं. चार सिलिंडरचं इंजिन दर अर्ध्या फेऱ्याला एक ठोका देतं, सगळे ठोके सारख्या अंतरावर. आठ सिलिंडरच्या त्या इंजिनात एका बाजूचे ठोके सारख्या अंतरावर येत नाहीत, दोन जवळ पडतात आणि दोन लांब. त्यातून ती गुडगुड येते. "दादासाहेब, हलगीवर ढोल वाजत न्हाई. हलगी चांगली वाजवून देतो म्हणाल तर दिली हाय."

दादासाहेब म्हणाले, "निदान सायलेन्सर तरी पोकळ करा. लोकांना कळू दे गाडी चालली."

"लोकांना काय करायचंय?" मामा म्हणाला. "त्ये मी करनार न्हाई."

कार्तिकीला मामा पंढरपूरला गेला. गॅरेजात मी एकटा. दादासाहेब आले, नेहमीसारखे गोड बोलले. "तू मामापेक्षा पुढं जाणार आहेस," असं म्हणाले आणि तीनशे रुपये माझ्या हातात ठेवले. सतरा वर्षांच्या पोराला १९९६ साली तीनशे रुपये म्हणजे काय! पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा ते वाक्य मला जास्त चढलं. रात्री बल्ब लावून मी सायलेन्सर उतरवला, मागचं तोंड कापलं, आतली भोकांची नळी आणि पडदे उपसून काढले आणि तोंड परत शिवलं. मनिफोल्डकडचा जोड उतरवताना पॅकिंग फाटलं. नवं पॅकिंग मामाच्या कपाटात, किल्ली मामाच्या कमरेला. मी फाटकंच बसवलं. ओलं कापड लावून बघायला हवं होतं. बघितलं नाही. सकाळी गाडी अशी गरजली की फाट्यावरची कुत्री पळाली. दादासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गाडी उतारावर असताना पाय उचलला की थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमध्ये येतं. मनिफोल्डच्या फटीतून ताजी हवा आत ओढली जाते, नळा तर लालबुंद तापलेला असतो. ते पेट्रोल तिथं भडकतं आणि बार होतो. आत पडदे असतील तर तो आतच दबतो. पोकळ नळ्यातून तोफेसारखा बाहेर पडतो.

कारखान्याचा हंगाम जोरात होता. पहाटे ऊस भरलेल्या बैलगाड्या रांगेनं कारखान्याकडं चालायच्या. डिसेंबरातल्या एका पहाटे दादासाहेब कॅनॉलचा पूल उतरत होते. पुढं गाड्यांची रांग दिसली म्हणून त्यांनी पाय उचलला. दोन बार झाले. शेवटच्या गाडीचे बैल उधळले, गाडी रस्ता सोडून चरात गेली आणि उलथली. गाडीवान मोळ्यांखाली सापडला. जीव वाचला, पण उजवी मांडी मोडली. एका बैलाच्या खांद्याला जखम झाली.

तो बीडकडचा माणूस होता. नवरा-बायको, दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन आलेले. ऊसतोडीचा हिशेब ज्यांना माहीत आहे त्यांना मांडी मोडण्याचा अर्थ सांगायला नको. हंगाम बुडाला म्हणजे नुसती मजुरी बुडाली असं नाही, उचल अंगावर राहिली आणि पुढचा हंगामही आधीच विकला गेला.

दादासाहेबांनी दवाखान्याचा खर्च केला, वर काही पैसे दिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना मनापासून वाटलं की आपण फिटलो. गावात बोललं गेलं ते असं : "बैलच बुजरे होते. गाडीवानाला डुलकी लागली आसंल." मी ते पारावर ऐकलं आणि मान हलवली. नुसती मान. पण तेवढी पुरते.

पुढच्या आठवड्यात गाडी ऑइल बदलायला आली. मामा खड्ड्यात उतरला, हातात बत्ती. बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यानं मला खाली बोलावलं. बत्तीच्या उजेडात त्यानं सायलेन्सरच्या मागच्या तोंडावर बोट ठेवलं.

"टाका तुझा हाय."

वेल्डिंगचा टाका हस्ताक्षरासारखा असतो. खोटं बोलायला जागाच नव्हती. मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं म्हणून केलं."

मामा म्हणाला, "पान्याला सांगितलं तर पाना करतोय. तू पाना हाईस का?"

मला वाटलं आता मार पडेल. पडला असता तर बरं झालं असतं, मार खाल्ला की फिटल्यासारखं वाटतं. मामानं मारलं नाही. म्हणाला, "सांजच्याला कोप्यांवर जा. त्येला सांग. मला सांगून काय उपेग?"

मी गेलो. पाचटाच्या कोप्या, पुढं चुली, पोरं, कुत्री. तो बाजेवर पडला होता, प्लास्टर मांडीपासून टाचेपर्यंत. बायकोनं मला ओळखलं नाही, पण पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तीनशे रुपये, पोकळ सायलेन्सर, फाटकं पॅकिंग, सगळं. पाठ केलेलं असल्यासारखं बोललो. माझ्या मनात काय होतं ते आज कबूल करतो. मला त्यानं चिडावं असं वाटत होतं, किंवा मग माफ करावं. दोन्हीत माझीच सोय होती.

त्यानं दोन्ही केलं नाही. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुमी सांगितलं म्हून पाय थोडाच जुळतुय. पर येक करा. मुकादम म्हणतुय बैल बुजरा हाय, इकून टाका, आन् निम्मी किंमत सांगतुय. म्हाजा बैल बुजरा न्हाई. चार सालापासून मोटारींच्या मधून चालतुय. त्येला सांगा. चौघांत सांगा."

मी खोटेपणाबद्दल जे काही शिकलो ते या चार वाक्यांत. तोवर मला वाटायचं की खरं बोलणं ही आपल्या आणि देवाच्या मधली गोष्ट आहे, आपलं मन हलकं करायची. त्या माणसाला माझ्या मनाशी काही देणंघेणं नव्हतं. माझं खोटं त्याच्या बैलाच्या किमतीत उतरलं होतं. मी पारावर मान हलवली तेव्हा एका मुक्या जनावरावर बालंट आलं होतं आणि त्याचा भाव निम्मा झाला होता. खऱ्याला असा रोख भाव असतो आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खिशातून जात असतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला सांगितलं. कारखान्याच्या काट्यापुढं, गाड्या थांबल्या होत्या तिथं, चार माणसांत सांगितलं. बैल विकला गेला नाही, एवढं मला माहीत आहे. गाडीवानाचा भाऊ येऊन तो घेऊन गेला. पुढच्या हंगामात ती टोळी आमच्याकडं आली नाही. मांडी नीट जुळली का, उचल कधी फिटली, मला कळलं नाही. ते न कळणंही माझ्याच वाट्याचं आहे असं मी मानतो.

किंमत मामानंही मोजली. दादासाहेबांचे ट्रॅक्टर, जीप, सगळं काम दुसऱ्या गॅरेजला गेलं. त्यांच्यामागं आणखी दोघा-तिघांचं गेलं. मामा मला एका शब्दानंही बोलला नाही. तीनशे रुपये मी त्याच्यापुढं ठेवले होते, त्यानं ते हातात घेतले नाहीत. म्हणाला, "कोपीवर दिऊन ये." दिले. बाईनं मोजून घेतले. का ते विचारलं नाही.

तेव्हापासून मी नकलेचा हिशेब असा मांडतो. मुंबईच्या त्या गॅरेजवाल्यानं फायबरचं अंग केलं, ते खोटं नव्हतं. कागदावर कॉन्टेसा लिहिलेलं होतं, विचारलं तर दादासाहेब सांगतही होते. त्यानं खोटं केलं ते जॉइंटमध्ये. दिसणार नाही म्हणून खूण न करता कापला आणि शिवला. मी खोटं केलं ते सायलेन्सरमध्ये. मामानं त्याच गाडीत, त्याच अंगाखाली, खरं काम केलं. म्हणजे नक्कल आणि खोटं हे दोन वेगळे रस्ते आहेत. मधे कुठं कुठं ते एकमेकांना छेदतात, म्हणून एकच वाटतात. वस्तू कुणासारखी दिसते यावर तिचा खरेपणा ठरत नाही. ती ज्याच्यावर चालून जाणार आहे, त्याचा विचार करणाऱ्यानं केला का, यावर ठरतो.

कायदा पुष्कळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे, आणि पुढं ते आणखी कडक झालं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. आज तशी गाडी रस्त्यावर आणणं अवघडच. हे चांगलं की वाईट, मला अजून नीट ठरवता येत नाही. कायदा मामाचा हातही बांधतो आणि माझाही. पण पोकळ सायलेन्सरला कायद्यानं कधीच मुभा दिली नव्हती, आणि तरी तेव्हा मी तो केला. कायदा कपाटात असतो. हात रात्री बल्बखाली असतो.

आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. बुलेटवाली पोरं येतात. "काका, सायलेन्सर खोलून द्या, फटाके वाजले पाहिजेत." मी नाही म्हणतो. ती पुढच्या चौकात जातात आणि करून घेतात. माझ्या नाही म्हणण्यानं रस्त्यावरचा आवाज कमी झालाय असा माझा दावा नाही. काही पोरं थांबतात. त्यांना मी प्लगचा रंग दाखवतो, ओल्या कापडाची परीक्षा दाखवतो, स्वच्छ चाललेल्या इंजिनाचा आवाज कसा असतो ते ऐकवतो. एखाद्याला तो आवडतो.

मध्यंतरी त्यातल्याच एकानं मला पेचात टाकलं. म्हणाला, "काका, इलेक्ट्रिक गाड्यांना आवाजच नसतो, म्हणून कंपनी स्पीकर लावून खोटा आवाज देते. मग त्यांना कुणी का बोलत नाही?"

मी जरा विचार केला. गोष्ट खरी आहे. हळू चालणारी विजेवरची गाडी मागून आली तरी कळत नाही. आंधळा माणूस, म्हातारं माणूस, खेळणारं पोर यांना चाहूल लागावी म्हणून तो आवाज बनवून घातलेला असतो. इंजिन नाही आणि आवाज आहे, म्हणजे सरळसरळ नक्कल. आणि तरी मला त्यात खोटं काही दिसेना. मी त्याला म्हणालो, "त्यो आवाज कुणासाठी हाय ते बघ. रस्त्यावरनं चालणाऱ्यासाठी हाय. तुला पाहिजे त्यो तुझ्यासाठी हाय."

पोरगं गाडीला किक मारून गेलं. पटलं की नाही, कळलं नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या पान्यांची पेटी माझ्याकडं आहे. तिच्या तळाशी भोकं भोकं असलेल्या नळीचा एक गंजका तुकडा आहे. त्या रात्री मी कापून पत्र्यामागं फेकलेला. मामानं तो कधी उचलला आणि पेटीत ठेवला, मला माहीत नाही. दाखवला कधीच नाही. पेटी आवरताना हाताला लागतो. मी तो पुसतो आणि परत तळाशी ठेवतो.